इंग्लंडचा हिवाळा कुठे ठरतो? अटलांटिक महासागर आणि तीस किलोमीटर उंचीवरचा ध्रुवीय भोवरा

लीड्सचा_सातारकर (धागाकर्ता)

डिसेंबर २०१० मध्ये एका पहाटे आमच्या घरातला बॉयलर बंद पडला. गॅस होता, वीज होती, यंत्रातही काही बिघाड नव्हता. स्वयंपाकघराच्या भिंतीतून एक पांढरी प्लास्टिकची नळी बाहेर निघते, अंगठ्याएवढ्या जाडीची. बॉयलरमध्ये साचणारे पाणी तिच्यातून थेंबाथेंबाने बाहेर जाते. ती नळी आतून गच्च गोठली होती. पाणी मागे तुंबले, यंत्रातून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि ते आपोआप थांबले. मी बर्फात उभा राहून किटलीतले कोमट पाणी त्या नळीवर ओतत राहिलो, तेव्हा कुठे दोन तासांनी आतला बर्फ सुटला. त्या महिन्यात मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान शून्याखाली गेले होते. तिथल्या मासिक नोंदी १६५९ पासूनच्या आहेत आणि त्यांत त्याहून थंड डिसेंबर फक्त १८९० चा आहे.

तीनच वर्षांनी, २०१३-१४ च्या हिवाळ्यात, थंडी जवळजवळ पडलीच नाही. त्याऐवजी वादळांमागून वादळे आली, सॉमरसेटचा सखल भाग आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिला आणि फेब्रुवारीत डॉलिश गावाजवळ समुद्राने रेल्वेमार्गाखालची भिंत फोडली, तेव्हा रूळ हवेत लोंबकळत राहिले. देश तोच, समुद्र तोच, सूर्याचा कोनही तोच असताना दोन हिवाळ्यांत इतका फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. गेल्या काही वर्षांत जे वाचले आणि समजून घेतले, ते इथे मांडतो. चुकले असेल तिथे जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.

सुरुवात नकाशापासून करू. ग्लासगो आणि मॉस्को ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. जानेवारीत मॉस्को बर्फाखाली असते आणि ग्लासगोत बहुतेक दिवस पाऊस पडतो. याचे श्रेय शाळेपासून आपण गल्फ स्ट्रीमला देत आलो आहोत. ते पूर्ण खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. समुद्राने उन्हाळाभर साठवलेली ऊब किनाऱ्यावर आणून पोहोचवायला पश्चिमेचा वारा लागतो. तो वाहत असेल तर ब्रिटन अटलांटिकचे असते आणि तो थांबून पूर्वेचा वारा सुरू झाला की ब्रिटन रशियाचे होते. समुद्र दोन्ही वेळी तेवढाच उबदार असतो, तरी नळी गोठते.

हा वारा दोन ठिकाणच्या वायुदाबांतल्या फरकावर चालतो. आइसलँडजवळ हिवाळ्यात कमी दाबाचे क्षेत्र असते आणि अझोर बेटांजवळ जास्त दाबाचे. दोहोंतला फरक वाढला की पश्चिमी वारे जोर धरतात, उत्तर युरोपात हिवाळा सौम्य व ओला जातो आणि स्पेन-पोर्तुगाल कोरडे राहतात. फरक घटला की सगळे उलटते. या हेलकाव्याला उत्तर अटलांटिक दोलन म्हणतात. त्याची चाहूल लोकांना फार पूर्वीच लागली होती. १७७० च्या दशकात ग्रीनलंडमध्ये राहिलेल्या हान्स एगेडे साब्यू या मिशनऱ्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की डेन्मार्कमध्ये हिवाळा कडक असतो तेव्हा ग्रीनलंडमध्ये तो त्यामानाने सौम्य असतो आणि डेन्मार्कमध्ये सौम्य असतो तेव्हा ग्रीनलंडमध्ये कडक.

मग हा हेलकावा कधी कुठल्या बाजूला झुकेल, हे कोण ठरवते? पुष्कळसे कोणीच ठरवत नाही. हवा स्वतःच्या अस्थिरतेने इकडून तिकडे जात राहते, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. पण दोन ठिकाणांहून तिला धक्के मिळतात. एक म्हणजे खालचा समुद्र आणि दुसरे म्हणजे वरचे स्थितांबर, म्हणजे आपले ढग-पाऊस घडवणाऱ्या थराच्या वरचा वातावरणाचा थर. मला जास्त ओढ दुसऱ्याची आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर सूर्य उगवत नाही. स्थितांबरातल्या ओझोनला एरवी उन्हातून मिळणारी उष्णता बंद होते, हवा गार होत जाते आणि तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारा प्रचंड भोवरा तयार होतो. तीस किलोमीटर उंचीवर, जिथे वायुदाब अवघा दहा हेक्टोपास्कल उरतो (जमिनीवर तो हजाराच्या आसपास असतो), त्या भोवऱ्याच्या कडेचे वारे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहतात. हिमालय, तिबेटचे पठार, रॉकी पर्वत आणि जमीन-समुद्रातला तापमानाचा फरक यांच्यामुळे खालच्या हवेत हजारो किलोमीटर लांबीच्या लहरी उठतात. त्या वर चढतात, हवा विरळ होत जाते तशा मोठ्या होतात आणि शेवटी किनाऱ्यावरच्या लाटेसारख्या फुटतात. त्या फुटताना भोवऱ्याला उलटा रेटा बसतो. रेटा पुरेसा मोठा असेल तर भोवरा मंदावतो, ध्रुवावरून ढळतो, कधी त्याची दोन शकले होतात. ध्रुवावरची हवा खाली दबते आणि दबताना तापते, इतकी की काही दिवसांत तिथले तापमान चाळीस-पन्नास अंशांनी चढते. १९५२ च्या जानेवारीत बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावरून सोडलेल्या, हवा मोजणारी उपकरणे नेणाऱ्या फुग्यांच्या नोंदींत जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिखार्ड शेरहाग यांना ही तापवाढ प्रथम दिसली. आता तिला स्थितांबराची आकस्मिक तापवाढ म्हणतात. सरासरीने पाहता दहा वर्षांत अशा मोठ्या घटना सहाच्या आसपास घडतात.

तीस किलोमीटरवर जे घडले ते काही आठवड्यांत खाली उतरू शकते आणि अटलांटिकवरचा दाबाचा फरक कमी करू शकते. एवढ्या विरळ हवेला, जिच्या वर वातावरणाचा जेमतेम एक टक्का उरतो, खालच्या जड हवेचे वागणे बदलता यावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

निवृत्त_निरीक्षक, पुणे

धागा मन लावून वाचला. शेरहाग यांच्या फुग्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षे फुगे सोडण्यातच गेली.

जगभरची केंद्रे एकाच वेळी, ग्रीनिचच्या शून्य आणि बारा वाजताच्या नोंदीसाठी, हायड्रोजन भरलेले रबरी फुगे सोडतात. आपल्याकडे ती वेळ पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची. फुगा भरताना तो माणसाच्या उंचीचा होतो, त्याचे रबर हाताला मऊसर, पावडर लावल्यासारखे लागते आणि अंगठीचे टोक लागले तरी फाटेल म्हणून आम्ही हातातले सगळे काढून ठेवत असू. वर जाताना बाहेरचा दाब घटतो तसा तो फुगत जातो आणि तीस किलोमीटरच्या आसपास, खोलीएवढा होऊन, फुटतो. तुम्ही ज्या दहा हेक्टोपास्कलच्या पातळीबद्दल लिहिले आहे, ती म्हणजे बहुतेक फुग्यांचे शेवटचे ठिकाण. म्हणून त्या पातळीचा प्रत्येक आकडा आम्हाला मोलाचा वाटे.

दुसरे असे की उत्तर अटलांटिक दोलन हे नाव आपल्या हवामान खात्याशी जोडलेले आहे. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि १९२४ पर्यंत त्या पदावर होते. १८९९ चा मान्सून दगा देऊन गेला होता आणि त्याचा अंदाज आधी कसा बांधायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी जगभरच्या ठिकाणांचे दाब, पाऊस आणि तापमान यांचे परस्परसंबंध भारतीय कारकुनांच्या मदतीने हाताने काढून घेतले. त्या आकडेमोडीतून तीन दोलने पुढे आली: दक्षिणी दोलन, उत्तर प्रशांत दोलन आणि हे उत्तर अटलांटिक दोलन. खात्याचे मुख्यालय तेव्हा शिमल्यात होते आणि १९२८ मध्ये ते पुण्यात आले. पुणेकर आजही त्या चौकाला शिमला ऑफिस चौक म्हणतात. तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की इंग्लंडच्या हिवाळ्याची किल्ली याच खात्याच्या वह्यांमध्ये सापडली? त्या कारकुनांची नावे कोणी लक्षात ठेवली नाहीत, याचे मला वाईट वाटते.

म्युनिकची_मराठी

माहिती उत्तम आहे, पण माझी एक मूलभूत शंका आहे. इथली वर्तमानपत्रे प्रत्येक आकस्मिक तापवाढीनंतर 'आता युरोप गोठणार' असे मथळे देतात. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला मोठी तापवाढ झाली होती. आल्प्सच्या उत्तर उतारावर त्या महिन्यात प्रचंड बर्फ पडले, हे मी स्वतः पाहिले आहे, छतांवरून बर्फ ओढून काढावे लागत होते. पण ते वायव्येकडून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांमुळे पडले. ब्रिटनमध्ये तर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश तापमान नोंदले गेले, ऐन हिवाळ्यात. मग या भोवऱ्याकडे लक्ष ठेवून सामान्य माणसाला काय मिळते?

लीड्सचा_सातारकर

तुमची शंका अगदी रास्त आहे आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची तीच आहे.

प्रत्येक तापवाढीचा परिणाम जमिनीपर्यंत पोहोचत नाही. २०१९ मध्ये वरचा भोवरा मोडला, पण त्याची खूण स्थितांबराच्या तळाशी नीट उतरली नाही. दहा ते पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात वारे मंदावलेच नाहीत तर खालच्या जेट प्रवाहाला (उंचावरून वेगाने वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याला) काही कळत नाही. उलट १२ फेब्रुवारी २०१८ ला भोवऱ्याची दोन शकले झाली, परिणाम भराभर खाली उतरला आणि महिनाअखेरीस सायबेरियाकडून वारा सुटला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला 'पूर्वेकडचा पशू' म्हटले. २६ फेब्रुवारीला रोममध्ये बर्फ पडले. त्याच वेळी अटलांटिकवरची वादळे दक्षिणेला सरकली आणि कोरड्या पडलेल्या स्पेन-पोर्तुगालला मार्चमध्ये भरपूर पाऊस मिळाला. एकाची आपत्ती ती दुसऱ्याचा दिलासा होती, हे मथळ्यांत येत नाही.

म्हणून 'तापवाढ म्हणजे थंडी' हे समीकरण चूक आहे. तापवाढीनंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत उत्तर युरोपात थंडीची लाट येण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढते, एवढेच म्हणता येते. पण ते 'एवढेच' मला फार वाटते, कारण रोजचा हवामान अंदाज दहा-बारा दिवसांपलीकडे जात नाही.

उलट बाजूही पाहावी. फेब्रुवारी १९८९ नंतर डिसेंबर १९९८ पर्यंत एकही मोठी तापवाढ नोंदली गेली नाही, आणि नव्वदच्या दशकातले उत्तर युरोपचे हिवाळे बहुतांशी सौम्य व वादळी गेले. २०१९-२० मध्ये भोवरा विलक्षण बळकट राहिला आणि ब्रिटनने नोंदीतला सर्वांत ओला फेब्रुवारी पाहिला. दक्षिण गोलार्धात डोंगर आणि जमीन कमी, त्यामुळे तिथे लहरी दुबळ्या असतात. अंटार्क्टिकावर पूर्ण स्वरूपाची मोठी तापवाढ आजवर एकदाच झाली आहे, सप्टेंबर २००२ मध्ये. डोंगरांचा यात खरोखरच किती हात आहे, ते यावरून दिसते.

द्राक्षबाग_निफाड

मी शेतकरी आहे. यातले बरेचसे पहिल्यांदाच वाचतो आहे, पण माझा प्रश्न जवळचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर जानेवारीत मण्यांत पाणी उतरायला लागते, आणि नेमकी तेव्हा थंडी वाढली की फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात. आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो, ठिबक चालू करतो. निफाडचा पारा घसरला की बातम्यांत 'उत्तरेकडून थंड वारे' एवढेच सांगतात. या युरोपच्या दाबाचा आणि भोवऱ्याचा आमच्या थंडीशी काही संबंध आहे का? असेल तर निरीक्षक काकांनी सांगावे.

निवृत्त_निरीक्षक, पुणे

संबंध आहे, पण लांबून आणि वळणावळणाने येणारा आहे, तेव्हा तो आहे त्यापेक्षा मोठा करून सांगणार नाही.

आपल्या हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण बारा किलोमीटर उंचीवर उपोष्ण पश्चिमी जेट प्रवाह असतो. भूमध्य समुद्र आणि कास्पियनच्या परिसरातून निघालेले पश्चिमी झंझावात त्याच्यावर स्वार होऊन येतात आणि हिमालयात बर्फ टाकतात. झंझावात पुढे सरकला की त्याच्यामागून कोरडी थंड हवा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेश आणि नाशिकपर्यंत उतरते. अटलांटिकवरचा दाबाचा फरक मोठा असतो त्या हिवाळ्यांत हा प्रवाह बळकट होण्याकडे आणि पश्चिम हिमालयातला हिवाळी पाऊस-बर्फ वाढण्याकडे कल दिसतो. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापते तेव्हाही, तसाच कल आढळतो. मात्र तुमच्या बागेतले पहाटेचे तापमान त्याहून जवळच्या गोष्टींवर ठरते: आकाश निरभ्र आहे का, हवा किती कोरडी आहे, वारा पडला आहे का, अरबी समुद्रावरून दमट हवा शिरली आहे का. ध्रुवावरचा भोवरा मोडला म्हणून निफाडात गारठा येईल असे मी तुम्हाला सांगणार नाही आणि कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दोन-तीन दिवस आधी झंझावात कुठे पोहोचला आहे ते पाहणे, हाच तुमच्यासाठी खरा आधार आहे.

दोनापावला_किनारा

मी गोव्यात समुद्रविज्ञान शिकते. धागाकर्त्यांनी समुद्राला दुसऱ्या क्रमांकावर ठेवले आहे, म्हणून समुद्राची बाजू मांडते. ज्या डिसेंबर २०१० च्या गोठलेल्या नळीपासून धागा सुरू झाला, ती गोष्ट मला स्थितांबरापेक्षा समुद्राचीच अधिक वाटते. त्या डिसेंबरात थंडी पडली तेव्हा वरचा भोवरा मोडलेला नव्हता.

हिवाळ्यात वादळांमुळे उत्तर अटलांटिकचे पाणी शंभर मीटर आणि काही ठिकाणी त्याहून बरेच खोलवर घुसळले जाते. त्या खोलीपर्यंतचे सगळे पाणी त्या हिवाळ्याचे तापमान घेते. उन्हाळ्यात वर तापलेल्या पाण्याचा काही डझन मीटर जाडीचा थर पसरतो आणि हिवाळ्याचे पाणी त्याच्याखाली झाकले जाते. साईखाली दूध राहावे तसे ते राहते. पुढच्या हिवाळ्यात वादळे सुरू झाली की वरचा थर मोडतो आणि मागच्या वर्षीचे तापमान पुन्हा पृष्ठभागावर येते. २००९-१० चा हिवाळा ब्रिटनमध्ये तीस वर्षांतला सर्वांत थंड होता आणि दोलन अत्यंत ऋण होते, म्हणजे आइसलँड-अझोरमधला दाबाचा फरक फारच घटला होता. त्याने अटलांटिकवर तापमानाचे तीन पट्टे उमटवले: ग्रीनलंडच्या दक्षिणेला उबदार, मध्य अक्षांशांत थंड, उष्ण कटिबंधाकडे पुन्हा उबदार. हेच पट्टे २०१० च्या शेवटी पुन्हा वर आले आणि त्यांनी दोलनाला पुन्हा ऋण बाजूकडे रेटण्यात हातभार लावला, असे काही संशोधकांनी दाखवले आहे. हवेला मागच्या महिन्याचे फारसे आठवत नाही, समुद्राला मागचा हिवाळा आठवतो.

प्रशांत महासागराचे धक्केही इथवर येतात, आणि त्यांची एक वाट तर स्थितांबरातूनच जाते. एल निनोच्या वर्षी अल्युशियन बेटांजवळचे कमी दाबाचे क्षेत्र खोल होते, वर जाणाऱ्या लहरींना बळ मिळते, भोवरा दुबळा होतो आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात उत्तर युरोपात थंडीची शक्यता वाढते. तेव्हा समुद्र आणि स्थितांबर यांना दोन वेगळे दावेदार मानू नये असे मला वाटते. एकाचा निरोप दुसरा पोहोचवतो.

लीड्सचा_सातारकर

तुमची दुरुस्ती मनापासून मान्य आहे. माझ्याच घरातल्या घटनेचे कारण मी इतकी वर्षे चुकीच्या मजल्यावर शोधत होतो.

तुमच्या शेवटच्या वाक्याला धरून विषुववृत्तावरच्या वाऱ्यांबद्दल लिहायला हवे. तिथल्या स्थितांबरात वारे सुमारे अठ्ठावीस महिन्यांच्या चक्राने आलटून पालटून पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून वाहतात, आणि प्रत्येक नवा वारा वरून सुरू होऊन महिन्याला साधारण एक किलोमीटर या गतीने खाली उतरतो. १८८३ मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची धूळ पूर्वेच्या वाऱ्यावर दोन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. १९०८ मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ बेर्सन यांनी आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात फुगे सोडले तर तिथे पश्चिमेचे वारे आढळले. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, हे उलगडायला १९६० उजाडावे लागले. हे वारे पूर्वेचे असतात तेव्हा ध्रुवीय भोवरा दुबळा राहण्याकडे कल असतो, हे होल्टन आणि टॅन या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवले. २००९-१० मध्ये वारे पूर्वेचे होते आणि प्रशांत महासागरात एल निनोही होता, म्हणजे दोन्ही कौल एकाच बाजूचे. १९५३ पासूनच्या नोंदींत अखंड चाललेले हे चक्र २०१५-१६ मध्ये पहिल्यांदा मध्येच विस्कटले, तेव्हा त्याच्यावरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही.

या सगळ्या सुतांचा उपयोग आता हंगामी अंदाजात होतो. ब्रिटिश हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले की नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या स्थितीवरून डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दोलनाचा अंदाज काढला तर तो प्रत्यक्षाशी ०.६ च्या आसपास सहसंबंध दाखवतो (१ म्हणजे तंतोतंत जुळणे, ० म्हणजे काहीच संबंध नसणे). त्यासाठी एकाच प्रतिमानाच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या वातावरणाच्या गणिती नमुन्याच्या, अनेक आवृत्त्या किंचित वेगळ्या सुरुवातीने चालवून त्यांची सरासरी घ्यावी लागते. त्यात एक कोडे निघाले आहे: ही सरासरी स्वतःच्या आवृत्त्यांपेक्षा प्रत्यक्ष अटलांटिकशी अधिक जुळते. म्हणजे समुद्र आणि स्थितांबर यांचा खरा प्रभाव आपल्या प्रतिमानांत दिसतो त्यापेक्षा मोठा असावा. याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही आणि या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न मला हाच वाटतो. जानेवारी २०१० मध्ये इथल्या नगरपालिकांकडचे रस्त्यांवर टाकायचे मीठ संपत आले होते आणि मुख्य रस्ते सोडून गल्ल्या तशाच निसरड्या सोडाव्या लागल्या. 'यंदा कडक हिवाळ्याची शक्यता दुप्पट आहे' एवढे जरी नोव्हेंबरात विश्वासाने सांगता आले, तरी मीठ आधी भरून ठेवता येते.

म्युनिकची_मराठी

शंकेचे समाधान झाले. शक्यतेची भाषा मथळ्यात बसत नाही, हे खरे दुखणे आहे. एक घरगुती प्रश्न: त्या नळीचे पुढे काय झाले?

लीड्सचा_सातारकर

फेब्रुवारी २०१८ मध्ये भोवरा मोडल्याचे वाचले, त्यानंतरच्या शनिवारी मी ती नळी बदलून घेतली. नवी जवळजवळ दुप्पट रुंद आहे, भिंतीबाहेरचा भाग हातभरच ठेवला आणि त्यावर फोमचे जाड आवरण चढवून वरून चिकटपट्टी गुंडाळली. बाहेर अजून पाऊसच होता, आणि नळी बसवणाऱ्या कारागिराने इतकी घाई कशाला म्हणून विचारले होते. पुढच्या आठवड्याच्या शेवटी वारा फिरला. बर्फ गुडघ्यापर्यंत साचले, पण बॉयलर एकदाही थांबला नाही.